तळटीपेतली लिंक उद्या उघडेल का? कायद्याच्या प्रबंधात इंटरनेटवरचे संदर्भ कसे द्यावेत

इंदूरमध्ये एलएलएम आणि पीएचडी करणाऱ्या मराठी घरांतल्या मुलामुलींचे प्रबंध सादर होण्याआधी वाचून देण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. घरी मराठी, वर्गात हिंदी आणि प्रबंध इंग्रजीत, अशी यातल्या बहुतेकांची स्थिती असते. कायद्याची समज चांगली असते, युक्तिवादही नीट बांधलेला असतो. पण पानाच्या तळाशी नजर गेली की जागोजागी नुसत्या लिंक दिसतात. ना लेखकाचं नाव, ना तारीख, ना परिच्छेद. विचारलं की उत्तर येतं, "काकू, लिंक दिली आहे ना, क्लिक केलं की दिसतंच." परीक्षकाच्या हातात मात्र बांधणी केलेली छापील प्रत असते. आणि दोन वर्षांनी तोच प्रबंध शोधगंगा या भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारावर कुणी उघडला, तर त्या लिंकपैकी किती जिवंत असतील?

माझं म्हणणं एवढंच आहे की लिंक ही संदर्भाची शेवटची कडी आहे. तिच्या आधी कागदाची पूर्ण ओळख यायला हवी: तो कोणी लिहिला किंवा दिला, कधी, कोणत्या क्रमांकाने, आणि तुम्ही म्हणता ती गोष्ट त्यात नेमकी कुठे आहे. लिंक उद्या बंद पडली तरी वाचक तुमच्या तळटिपेवरून त्या कागदापर्यंत पोहोचला पाहिजे. पुढच्या सगळ्या पायऱ्या यातूनच निघतात.

उदाहरणासाठी इंदूरचाच विषय घेते, पोटगीचा. शाहबानो या इंदूरच्या मुस्लीम महिलेने पतीकडून पोटगी मिळावी म्हणून एप्रिल १९७८ मध्ये इंदूरच्या प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर दरमहा ५०० रुपयांचा अर्ज केला. ऑगस्ट १९७९ मध्ये २५ रुपये मंजूर झाले, जुलै १९८० मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ते १७९ रुपये २० पैसे केले, आणि २३ एप्रिल १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने पतीचं अपील फेटाळलं. या विषयावर आज प्रबंध लिहायचा तर जवळजवळ प्रत्येक जातीचा संदर्भ इंटरनेटवरूनच घ्यावा लागतो: जुना निकाल, नवा निकाल, बदललेला कायदा, संसदेतली चर्चा, वर्तमानपत्र, ब्लॉग, व्हिडिओ.

आधी हे समजून घ्या: लिंक मरते कशी

हार्वर्डमधल्या अभ्यासकांनी २०१३-१४ च्या सुमारास अमेरिकेतल्या विधी नियतकालिकांतल्या आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांतल्या लिंक तपासल्या. हार्वर्ड लॉ रिव्ह्यू आणि इतर काही नियतकालिकांमधल्या ७० टक्क्यांहून अधिक, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांमधल्या सुमारे ५० टक्के लिंक मूळ मजकुरापर्यंत नेत नव्हत्या. त्यात दोन प्रकार होते. काही लिंक उघडतच नव्हत्या. काही उघडत होत्या, पण समोर येणारा मजकूर वेगळाच होता. दुसरा प्रकार जास्त घातक, कारण तो लक्षातच येत नाही. २०११ च्या एका निकालात न्यायमूर्ती अलिटो यांनी दिलेला एक वेब पत्ता पुढे रिकामा झाला, आणि कुणीतरी तो विकत घेऊन इंटरनेटवरचे संदर्भ किती क्षणभंगुर असतात यावरच तिथे टिप्पणी लिहून ठेवली.

आपल्याकडेही हेच चालू आहे. सर्वोच्च न्यायालयाचं संकेतस्थळ गेल्या काही वर्षांत अनेक पत्त्यांवरून फिरून आजच्या 'एससीआय डॉट गव्ह डॉट इन' वर आलं. 'जुडिस' नावाचं निकालांचं जुनं पोर्टल बंद झालं. दहा-बारा वर्षांपूर्वीचे प्रबंध काढून पाहा, त्यांत जुडिसच्या लिंक रांगेने मेलेल्या दिसतील. भारताचं ई-राजपत्र 'एनआयसी डॉट इन' वरून 'गव्ह डॉट इन' वर गेलं. सरकारी कागद नाहीसा झाला असं यातून होत नाही, तो फक्त दुसरीकडे जातो. आणि त्याचा क्रमांक व तारीख तुम्ही लिहिलेली असेल तर तो पुन्हा सापडतो.

पहिली पायरी: तुम्ही वाचलेला कागद कोणत्या जातीचा आहे ते ठरवा

इंटरनेट हे ठिकाण आहे, तिथे सगळ्या जातींचे कागद एकत्र पडलेले असतात. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मोबाइलवर वाचला म्हणून तो 'वेबसाइट' होत नाही. म्हणून तळटीप लिहिण्याआधी एक प्रश्न विचारा: हा कागद छापील रूपात अस्तित्वात आहे का, किंवा त्याला स्वतःचा अधिकृत क्रमांक आहे का? असेल तर त्याचा संदर्भ त्याच ओळखीने द्या. ओस्कोला ही ऑक्सफर्डची पद्धत तर स्पष्टच सांगते की छापील आवृत्ती असलेलं साहित्य तुम्ही ऑनलाइन वाचलं तरी छापील आवृत्तीचा संदर्भ द्यावा. जे फक्त वेबवरच जन्मलं आहे, त्यालाच लिंक आणि पाहिल्याची तारीख हवी.

या एका प्रश्नाने प्रबंधातल्या लिंकची संख्या झपाट्याने कमी होते. ती कमी होणं चांगलंच आहे.

निकाल

इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण कायद्याच्या प्रबंधाचा कणा निकालांचा असतो आणि चुकाही इथेच सर्वाधिक होतात.

इंडियन कानून हे निकालांचं संकेतस्थळ वाचायला उत्तम आहे. मोफत आहे, शोध चांगला चालतो, आणि गावात राहून शिकणाऱ्या मुलांसाठी तर ते वरदान आहे. तिथे जरूर वाचा. पण तळटिपेत त्याची लिंक देऊन थांबू नका. शाहबानो निकालाचा संदर्भ असा होईल:

मोहम्मद अहमद खान वि. शाह बानो बेगम, (१९८५) २ एससीसी ५५६.

एससीसी, एआयआर, एससीआर ही निकाल छापणाऱ्या संग्रहांची, म्हणजे रिपोर्टरची, नावं आहेत, आणि वर्ष, रिपोर्टर व पान मिळून होणाऱ्या अशा ओळखीला सायटेशन म्हणतात. हाच निकाल एआयआर १९८५ एससी ९४५ वर आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या अधिकृत एससीआरमध्ये [१९८५] ३ एससीआर ८४४ वर आहे. यापैकी कोणता द्यायचा हे तुमच्या विद्यापीठाच्या नियमांवर आहे. एक निवडा आणि संपूर्ण प्रबंधात तोच पाळा. माझा कल एससीआरकडे आहे. २ जानेवारी २०२३ पासून सर्वोच्च न्यायालयाने एससीआर सगळ्यांसाठी मोफत ऑनलाइन खुला केला आहे. छापील खंडाची पीडीएफ पानासकट मिळते, म्हणून पान क्रमांक खात्रीने देता येतो, आणि सदस्यत्वाचे पैसे नसलेला वाचकही तो पडताळू शकतो.

परिच्छेद क्रमांकाबाबत फार जपा. जुन्या निकालांमध्ये न्यायालयाने स्वतः क्रमांक घातलेले नसायचे, ते प्रकाशकांनी घातले. म्हणून एससीसीतला परिच्छेद १० आणि एआयआरमधला परिच्छेद १० एकच असेल असं धरून चालू नका. ईस्टर्न बुक कंपनी वि. डी. बी. मोडक, (२००८) १ एससीसी १ या खटल्यात तर हा वादाचाच विषय झाला होता: निकालाचा मूळ मजकूर सगळ्यांचा, पण प्रकाशकाने पाडलेले परिच्छेद आणि त्यांची मांडणी यात त्याचं स्वतःचं श्रेय आहे, असं न्यायालयाने मानलं. तेव्हा नियम साधा ठेवा. ज्या रिपोर्टरचं सायटेशन दिलं, परिच्छेद किंवा पान त्याच रिपोर्टरमधून उघडून घ्या. वेबसाइटवर परिच्छेद मोजून सायटेशन एससीसीचं द्यायचं, हा मेळ बसत नाही.

अलीकडच्या निकालांसाठी न्यूट्रल सायटेशन ही मोठी सोय झाली आहे. ते न्यायालय स्वतः देतं, कोणत्याही प्रकाशकाचं नसतं, आणि निकाल लागल्यावर रिपोर्टरमध्ये छापला जाण्याची वाट पाहावी लागत नाही. शाहबानोपासून सुरू झालेल्या प्रवासातला अलीकडचा महत्त्वाचा निकाल १० जुलै २०२४ चा आहे:

मोहम्मद अब्दुल समद वि. तेलंगणा राज्य, २०२४ आयएनएससी ५०६.

एवढं पुरतं. लिंक नाही, पाहिल्याची तारीख नाही. या निकालांना न्यायालयानेच परिच्छेद क्रमांक दिलेले असतात, ते पुढे जोडा.

आपल्या मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचं न्यूट्रल सायटेशन वाचायला शिका. आधी वर्ष, मग अपूर्णविराम, मग न्यायालयाची खूण, मग पुन्हा अपूर्णविराम आणि क्रमांक. खुणेत 'एमपीएचसी' नंतर पीठाची तीन अक्षरं येतात: जबलपूर मुख्य पीठासाठी जेबीपी, इंदूर खंडपीठासाठी आयएनडी, ग्वाल्हेरसाठी जीडब्ल्यूएल. ते आदेशाच्या पीडीएफवर वरच छापलेलं असतं. यातलं पीठाचं अक्षर गाळलं तर तोच क्रमांक दुसऱ्या पीठाच्या वेगळ्याच आदेशाकडे नेऊ शकतो, म्हणून ते जसंच्या तसं उतरवा.

न्यूट्रल सायटेशन नसलेला, कुठे छापूनही न आलेला उच्च न्यायालयाचा आदेश द्यायचा असेल, तर प्रकरणाचा प्रकार, क्रमांक, वर्ष, पीठ आणि आदेशाची तारीख लिहा. कुटुंब न्यायालयाच्या पोटगीच्या आदेशाविरुद्ध इंदूर खंडपीठात जाणारी प्रकरणं बहुधा क्रिमिनल रिव्हिजन म्हणून नोंदली जातात. तेव्हा 'क्रिमिनल रिव्हिजन क्रमांक अमुक / वर्ष, मध्य प्रदेश उच्च न्यायालय, इंदूर खंडपीठ, आदेश दिनांक अमुक' असा संदर्भ होतो. उच्च न्यायालयांच्या आणि ई-कोर्ट्सच्या पोर्टलवर शोध घेतल्यावर पीडीएफ उघडते, तिची लिंक बरेचदा त्या भेटीपुरतीच तयार झालेली असते. ती चिकटवू नका. थोड्या वेळाने तुमच्याच संगणकावरही ती उघडणार नाही.

आणखी एक गोष्ट, कळकळीने सांगते. बलात्कारासारख्या गुन्ह्यांत पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. आधी हे भारतीय दंड संहितेच्या कलम २२८-अ मध्ये होतं. एखाद्या संकेतस्थळावर नाव चुकून राहिलं असेल, तरी तळटिपेत ते घेऊ नका. आद्याक्षरं वापरा. आपला प्रबंध शोधगंगावर कायमचा राहणार आहे, आणि ते नाव त्या बाईच्या मागे आपल्यामुळे लागता कामा नये.

कायदा: कोणत्या दिवशीचा मजकूर?

इंडिया कोड या सरकारी संकेतस्थळावर केंद्राचे कायदे दुरुस्त्यांसह मिळतात. संदर्भ मात्र कायद्याच्या नावाने, वर्षाने आणि अधिनियम क्रमांकाने द्यायचा: मुस्लीम महिला (घटस्फोटावरील हक्कांचे संरक्षण) अधिनियम, १९८६ (१९८६ चा २५). लिंकची गरज नाही.

खरी अडचण वेगळी आहे. पडद्यावर दिसतो तो मजकूर आजचा असतो, आणि तुम्ही कदाचित १९८५ बद्दल लिहीत असता. शाहबानोंनी ५०० रुपयेच का मागितले? कारण फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ च्या कलम १२५ मध्ये तेव्हा ५०० रुपयांची कमाल मर्यादाच होती. ती २००१ च्या दुरुस्ती अधिनियमाने (२००१ चा ५०) २४ सप्टेंबर २००१ पासून काढली गेली. ही दुरुस्ती न पाहता आजचं कलम १२५ समोर ठेवून लिहिणाऱ्याला तो आकडा कळणारच नाही. आणि १ जुलै २०२४ पासून ती संहिताच जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ (२०२३ चा ४६) आली, पोटगीचं कलम १४४ झालं. म्हणून पोटगीवरच्या प्रबंधात प्रत्येक ठिकाणी कोणत्या काळातली तरतूद सांगता आहात ते तळटिपेत लिहा: 'दिनांक २४ सप्टेंबर २००१ पूर्वी होते तसे'. राज्यांच्या दुरुस्त्याही वेगळ्या तपासाव्या लागतात.

मध्य प्रदेशच्या कायद्यांबाबत भाषेचा मुद्दा येतो. विधानसभेत कायदा हिंदीत होतो, आणि राज्यपालांच्या अधिकाराने राजपत्रात प्रसिद्ध झालेला त्याचा इंग्रजी अनुवाद संविधानाच्या अनुच्छेद ३४८(३) प्रमाणे इंग्रजीतला अधिकृत पाठ मानला जातो. प्रबंध इंग्रजीत असेल तर स्वतः भाषांतर करत बसू नका, राजपत्रातला इंग्रजी पाठ शोधा आणि राजपत्राचा भाग व तारीख द्या. याच्या उलट, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांची हिंदी-मराठी भाषांतरं वाचायला घ्या, पण अवतरण इंग्रजी मुळातूनच उचला. त्या भाषांतरांवर इंग्रजी पाठच प्रमाण असल्याची सूचना छापलेलीच असते.

केंद्राच्या नियमांसाठी आणि अधिसूचनांसाठी राजपत्राचा क्रमांक लिहा. जीएसआर (सर्वसाधारण वैधानिक नियम) क्रमांकाच्या गोष्टी भाग २, कलम ३, उपकलम (एक) मध्ये आणि एसओ (वैधानिक आदेश) क्रमांकाच्या उपकलम (दोन) मध्ये येतात. मंत्रालयाच्या वेबसाइटवरची 'अद्ययावत' पीडीएफ सोयीची असते, पण ती कोणीतरी जोडून तयार केलेली असते; प्रमाण राजपत्रच.

संसद, आयोग, नियतकालिकं

१९८६ चं विधेयक लोकसभेत आलं तेव्हाची चर्चा संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात वाचता येते. संदर्भात सभागृह, मालिका, खंड, तारीख, स्तंभ किंवा पान. संविधान सभेच्या चर्चांचंही तसंच: खंड ११, २५ नोव्हेंबर १९४९ असं लिहिलं की डॉ. आंबेडकरांचं ते समारोपाचं भाषण कुणालाही कुठल्याही संकेतस्थळावर किंवा छापील संचात सापडेल. विधी आयोगाच्या अहवालांना क्रमांक असतो, तोच त्यांची ओळख. सरकारी पीडीएफच्या हल्लीच्या लिंक अक्षरं आणि आकड्यांच्या दोन-दोन ओळींच्या असतात, त्या तळटिपेत ठेवून पान भरण्यापलीकडे काही साधत नाही.

नियतकालिकातल्या लेखाला डीओआय, म्हणजे त्याचा कायमचा डिजिटल ओळख क्रमांक, असेल तर तो द्या. प्रकाशकाने वेबसाइट बदलली तरी डीओआय नव्या जागी नेतो. पीडीएफ वाचनयंत्राने दाखवलेलं पान आणि लेखावर छापलेलं पान यांत फरक असतो, छापलेलं घ्या.

वर्तमानपत्र

इंदूरच्या बातम्या वेबवर बरेचदा लेखकाच्या नावाशिवाय असतात, मथळाही दिवसभरात बदलतो. ई-पेपर हा छापील पानाचंच चित्र असतो, म्हणून शक्य तिथे त्यावरून छापील संदर्भ द्या: वर्तमानपत्राचं नाव, इंदूर आवृत्ती, तारीख, पान. आवृत्ती लिहायला विसरू नका, भोपाळच्या आवृत्तीत ती बातमी नसेलही. १९८५ च्या बातम्या वेबवर शोधण्यात वेळ घालवू नका. १९४७ साली इंदूरमध्येच सुरू झालेल्या नईदुनियासारख्या दैनिकांच्या जुन्या फायली ग्रंथालयात बसून पाहणं हाच खरा मार्ग आहे, आणि मग संदर्भही आपोआप छापील होतो.

जे फक्त वेबवरच आहे

ब्लॉगवरचा लेख, संस्थेचं निवेदन, विद्यापीठाच्या पानावरची टिपण: इथे लिंक हवीच. इंडियन लॉ इन्स्टिट्यूटची पद्धत आपल्याकडे सर्वाधिक चालते, तिचा सांगाडा असा:

लेखकाचं नाव, "लेखाचं शीर्षक", संकेतस्थळाचं नाव, तारीख, उपलब्ध: लिंक (शेवटची भेट: ५ मार्च २०२५).

ओस्कोलात लिंक कोनी कंसात येते आणि तिच्यापुढे पाहिल्याची तारीख. ब्लूबुक या अमेरिकी पद्धतीत 'शेवटची भेट' ही नोंद मुख्यतः पानावर स्वतःची तारीख नसेल तेव्हा लागते. पद्धत कोणतीही असो, एका प्रबंधात एकच.

लेखक सापडत नसेल तर संस्था हाच लेखक. तारीख सापडत नसेल तर पानाच्या अगदी तळाशी पाहा. तिथलं फक्त कॉपीराइटचं वर्ष मात्र लेखाची तारीख म्हणून घेऊ नका. 'प्रसिद्ध' आणि 'अद्ययावत' अशा दोन तारखा असतील तर दोन्ही लिहा. आणि पाहिल्याची तारीख खरी हवी. सगळ्या तळटिपांत प्रबंध सादर करण्याच्या आदल्या दिवसाची एकच तारीख घालणारे खूप आहेत. अनुभवी परीक्षकाला ते पहिल्या पानावरच कळतं.

पान क्रमांक नसलेल्या वेबपानावर उपशीर्षक किंवा वरून कितवा परिच्छेद ते लिहा.

विकिपीडिया दिशा कळायला वाचा, आधार म्हणून देऊ नका. कोणीही संपादन करू शकेल अशा स्रोतांवर कायदेशीर वादात विसंबण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सावध केलं आहे. लेखाच्या तळाशी दिलेले मूळ संदर्भ उघडा आणि त्यांतून पुढे जा.

न्यायालयाचं थेट प्रक्षेपण किंवा व्याख्यानाचा व्हिडिओ असेल तर वक्ता, शीर्षक, वाहिनी, तारीख आणि मिनिट-सेकंद द्या. पण सुनावणीत न्यायमूर्तींनी तोंडी काढलेले उद्गार हा निकाल नसतो. ते निकाल म्हणून वापरले की प्रबंधातलं ते अख्खं प्रकरण डळमळतं. समाजमाध्यमावरच्या नोंदीचं खातं, पहिले काही शब्द, तारीख आणि वेळ लिहा, आणि ती त्याच दिवशी जतन करा, कारण ती केव्हाही पुसली जाते.

पान जतन करा, वाचलं त्याच दिवशी

इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर पान जतन करण्याची मोफत सोय आहे. लिंक टाका, जतन करा, मिळालेली कायमची लिंक मूळ लिंकच्या पुढे 'जतन प्रत' म्हणून लिहा. त्या लिंकमध्ये १४ आकडी वेळ असते: वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद. ही वेळ जागतिक प्रमाणवेळ आहे, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. रात्री दोन वाजता अभ्यास करताना पान जतन केलंत तर त्यात आदल्या दिवसाची तारीख दिसेल, आणि तळटिपेतल्या तारखेशी विसंगती वाटेल. ती विसंगती नाही, पण गाइडने विचारलं तर सांगता आलं पाहिजे.

हार्वर्डच्या विधी ग्रंथालयाने २०१३ मध्ये सुरू केलेलं 'पर्मा' खास कायद्याच्या संदर्भांसाठी आहे. तुमच्या संस्थेच्या ग्रंथालयाने सदस्यत्व घेतलेलं असेल तर ते अधिक चांगलं.

एवढ्यावर विसंबू नका. ऑक्टोबर २०२४ मध्ये इंटरनेट आर्काइव्हवर सायबर हल्ला झाला आणि ते काही दिवस बंद होतं. म्हणून पानाची पीडीएफ स्वतःच्या संगणकावर ठेवा, फाइलच्या नावात तळटिपेचा नव्हे तर लेखकाचा आणि तारखेचा उल्लेख करा, कारण तळटिपांचे क्रमांक शेवटपर्यंत हलत राहतात. झोटेरो हे मोफत साधन पान आणि त्याचा तपशील एकत्र जपतं. मात्र भारतीय निकालांचा तपशील ते नीट ओळखेल अशी अपेक्षा ठेवू नका, तो हाताने भरा.

(हे जतन करणं प्रबंधापुरतं आहे. तीच प्रत न्यायालयात पुरावा म्हणून द्यायची तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, तो विषय वेगळा.)

लिंक लिहिण्याची रीत

समाजमाध्यमावरून किंवा ईमेलमधून उघडलेल्या लिंकच्या शेवटी प्रश्नचिन्हानंतर माग ठेवणारी लांब शेपटी जोडलेली असते. ती काढून टाका, पान तरीही उघडतं का पाहा. काही सरकारी लिंकमध्ये प्रश्नचिन्हानंतरचाच भाग कागद ओळखतो, तिथे तो ठेवावा लागतो. लिंक आखूड करून देणाऱ्या सेवा वापरू नका. ती सेवा बंद पडली की मूळ पत्ताही हरवतो. लिंकला चिकटून पूर्णविराम देऊ नका, आणि ओळ मोडताना वर्डने मध्येच संयोगचिन्ह घातलं नाही ना ते पाहा.

लिंकमध्ये देवनागरी असेल, मराठी विकिपीडियासारखी, तर ती चिकटवल्यावर टक्क्यांच्या चिन्हांची लांब माळ होते. ती बिघडलेली नाही, उघडते. पण छापील पानावर कुणी ती हाताने टाइप करू शकणार नाही. संकेतस्थळाने त्या पानाचा क्रमांकाचा छोटा पत्ता दिला असेल तर तो घ्या.

इंग्रजी प्रबंधात मराठी किंवा हिंदी लेखाचं शीर्षक देताना ते रोमन लिपीत लिहा आणि चौकटी कंसात इंग्रजी अर्थ द्या. लिप्यंतराची एक रीत ठरवून घ्या, एकच लेखक दोन स्पेलिंगने येऊ देऊ नका. आपल्या भाषेतले स्रोत अवघड पडतात म्हणून गाळणारी मुलं मी पाहते, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. इंदूरच्या पोटगीच्या प्रश्नावर हिंदी-मराठीत जे लिहिलं गेलं आहे ते प्रबंधात यायलाच हवं.

उसना मजकूर आणि एआय

जे स्वतः पाहिलं त्याचाच संदर्भ द्या. १९८६ च्या त्याच अधिनियमावरच्या डॅनियल लतीफी निकालातलं, (२००१) ७ एससीसी ७४०, वाक्य तुम्ही एखाद्या ब्लॉगवर वाचलं, तर निकाल उघडून ते वाक्य तिथे आहे का पाहा. निकाल मिळालाच नाही तर 'अमुक लेखात उद्धृत' असं प्रामाणिकपणे लिहा.

एआयने सुचवलेला प्रत्येक निकाल अधिकृत ठिकाणी उघडून पाहिल्याशिवाय घेऊ नका. न्यूयॉर्कमधल्या माटा वि. एव्हियान्का प्रकरणात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल सादर केले, आणि जून २०२३ मध्ये न्यायालयाने ५,००० डॉलरचा दंड केला. खोटं सायटेशन दिसायला अगदी खऱ्यासारखं असतं: पक्षकार, वर्ष, पान, सगळं.

युजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीप्रमाणे प्रबंधात इतरांच्या मजकुराशी १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. १० ते ४० टक्क्यांत तो दुरुस्त करून पुन्हा द्यावा लागतो, ४० ते ६० मध्ये वर्षभर सादर करता येत नाही, ६० च्या वर नोंदणीच रद्द होते. योग्य श्रेय दिलेली अवतरणं, संदर्भसूची, कायदे आणि नियम या मोजणीतून वगळलेले आहेत. म्हणजे अवतरणचिन्ह आणि तळटीप दोन्ही नीट दिली, तर कलमांचा मजकूर उतरवण्याचं भय बाळगायचं कारण नाही.

सादर करण्याच्या आठवड्यात

'सुप्रा नोट १२' (म्हणजे 'वर तळटीप १२ पाहा') सारखे उल्लेख हाताने टाइप केलेले असतील तर मधे एक तळटीप घातली की पुढचे सगळे चुकतात. वर्डची क्रॉस-रेफरन्सची सोय वापरा आणि शेवटी सगळं एकदा अद्ययावत करा.

मग प्रत्येक लिंक दुसऱ्या कुणाच्या संगणकावर, लॉगिन न करता उघडून पाहा. तुमच्या संगणकावर विद्यापीठाचं सदस्यत्व चालू असतं, त्यामुळे बंद दाराआडची पानंही तुम्हाला उघडी दिसतात. जी लिंक फक्त सदस्यांना उघडते ती काढा आणि तिच्या जागी त्या डेटाबेसचं सायटेशन ठेवा.

एखादी लिंक मेलेली निघाली तर घाबरू नका आणि ती गुपचूप तशीच सोडूही नका. त्या पानाचं शीर्षक अवतरणचिन्हात टाकून शोधा, बहुधा ते नव्या पत्त्यावर मिळतं. मिळालं तर मजकूर पुन्हा वाचा, बदलला नाही ना ते पाहा, आणि नवी लिंक नव्या तारखेसह लिहा. नाही मिळालं तर वेबॅकवरची जुनी प्रत द्या. तीही नसेल तर तळटिपेत मूळ लिंक, पाहिल्याची तारीख आणि 'सध्या उपलब्ध नाही, प्रत लेखकाकडे' असं लिहा, आणि ती प्रत तोंडी परीक्षेला जाताना खरोखरच सोबत घेऊन जा.